मफ्याचं न दिसणारं कुंपण

ऋतुराजला घरातली कुठलीही अडचण सांगायची सोय नव्हती. सांगितली, की तो मोबाइल काढायचा आणि तिच्यावर काहीतरी मागवायचा. आईचे, शेवंतीचे गुडघे दुखतात म्हटल्यावर थरथरणाऱ्या चपला आल्या होत्या. वडिलांना, धाकूला झोप लागत नाही म्हटल्यावर समुद्राचा आवाज काढणारी डबी आली, आणि बालपण कोकणात गेलेल्या धाकूला त्या आवाजानं होडी बुडाल्याची स्वप्नं पडायला लागली. त्यामुळे टिटवाळ्याच्या त्यांच्या रो-हाउसच्या दारात पुन्हा एक खोकं येऊन पडलं, तेव्हा ते उघडायच्या आधीच शेवंतीनं कपाळाला हात लावला.

"हे काय आणि?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"कुंपण," धाकू म्हणाला.

"एवढ्याशा खोक्यात?"

"न दिसणारं आहे म्हणे."

या कुंपणाचं मूळ होतं मफिन. मफिन म्हणजे कुत्रा. लॉकडाऊनमध्ये ठाण्याला घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटमध्ये ऋतुराज आणि त्याची बायको अक्षदा बसून बसून कंटाळले आणि त्यांनी लॅब्रॅडॉरचं पिल्लू आणलं. मग दोघांची ऑफिसं सुरू झाली. तोवर पिल्लाचं वासरू झालेलं, आणि ते बंद घरात दिवसभर भुंकायचं. एका रविवारी ऋतुराज त्याला गाडीत घालून टिटवाळ्याला घेऊन आला. "आई, थोडे दिवस," म्हणाला. त्याचे थोडे दिवस कसे असतात ते शेवंतीला माहीत होतं. त्याच्या कॉलेजच्या बॅगाही अजून तिच्याच माळ्यावर होत्या.

खायच्या वस्तूचं नाव कुत्र्याला ठेवणं शेवंतीला पटलं नाही. तिनं त्याचा मफ्या केला. मफ्यानं तिच्या चपला खाल्ल्या, वाळत घातलेले सांडगे खाल्ले, धाकूचा चष्मा चावून ठेवला. फोनवर ती रोज मुलाला ऐकवायची, "तुझ्या कुत्र्यानं जीव खाल्लाय माझा." आणि फोन ठेवला की भाकरीचा पहिला पापुद्रा काढून, फुंकर घालून त्यालाच द्यायची. रात्री तो तिच्या पायाशी झोपायचा. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काय होतं त्यात?

खरी कटकट कॉलनीनं केली. जवळच्या मोहने गावच्या कारखान्यात उभी नोकरी आणि चाळीत उभा संसार झाल्यावर धाकूनं हे घर घेतलं, ते पुढच्या मोकळ्या जागेसाठी. पण बिल्डरनं सगळ्या रो-हाउसना मिळून काहीतरी परदेशी रूप दिलेलं, आणि त्यात कुणी घराभोवती भिंत, जाळी, काटेरी तार काहीही घालायचं नाही असा नियम होता. अंगण सरळ रस्त्याला जाऊन मिळायचं. फोटोत ते छान दिसायचं. मफ्यालाही ते छानच वाटायचं, कारण रस्त्यानं मोटरसायकल गेली की तो तिच्या मागे पार कोपऱ्यापर्यंत जायचा. चावायचा नाही. नुसता बरोबर पळायचा. पण वासराएवढं जनावर बरोबर पळायला लागल्यावर माणूस काय करणार? एक पार्सलवाला गाडीसकट आडवा झाला. त्याला खरचटलं, पण पार्सल चेअरमनच्या घरचं निघालं आणि आतला काचेचा सेट फुटला.

त्र्यंबक चेअरमननं मीटिंग बोलावली. ऋतुराज ठाण्याहून व्हिडिओवर हजर झाला आणि तो फोन सगळ्यांना दिसेल असा धरायचं काम आलं शेवंतीकडे. हात अवघडेपर्यंत ती फोन धरून उभी होती, आणि फोनमधून तिचा मुलगा सांगत होता, "त्र्यंबककाका, माझा शब्द आहे. मी टेक्निकल सोल्यूशन काढतो. त्यानंतर कुत्रा एकदा जरी रस्त्यावर आला ना, तर मी स्वतः त्याला मुरबाडला मित्राच्या फार्मवर नेऊन सोडेन. कायमचा." सगळ्यांनी माना डोलावल्या. शेवंतीला कुणी काही विचारलं नाही. फोन धरणाऱ्याला कोण विचारतं?

घरी आल्यावर तिनं त्याला फैलावर घेतलं. "मला न विचारता शब्द देऊन मोकळा झालास?"

"आई, तुलाच त्रास होतो ना त्याचा? तूच रोज बोलतेस."

"तुझा कुत्रा, तुझा शब्द," असं म्हणून तिनं फोन आपटला, आणि मग बराच वेळ भांडी आपटली.

तर ते कुंपण. एक डबी घरात भिंतीला लावायची. तिच्यातून निघालेली तार अंगणाच्या कडेनं वीतभर खोल पुरायची. कुत्र्याच्या गळ्यात पट्टा, पट्ट्याला आतून दोन बोथट खिळे. कुत्रा तारेजवळ गेला की पट्टा आधी पीप वाजतो, तरी पुढे गेला तर झटका देतो. पोपट इलेक्ट्रिशियननं दिवसभर खणून तार पुरली. संध्याकाळी शेवंतीनं पट्टा आपल्या मुठीत धरला आणि ती सरळ तारेकडे चालत गेली.

"अगं, अगं!" धाकू ओरडेपर्यंत तिच्या तळहातातून कोपरापर्यंत सणक गेलेली. तिनं पट्टा फेकून दिला आणि तशीच फोनकडे गेली.

"आई, तो शॉक नसतो," ऋतुराज समजावायला लागला. "त्याला करेक्शन म्हणतात. नुसती टिचकी मारल्यासारखं."

"मग तू घाल की गळ्यात! घाल आणि ऑफिसला जा!"

"आई, हे नको तर मुरबाड. तूच सांग."

शेवंतीला मुरबाडचा राग नव्हता, पण त्या शब्दासरशी तिच्या पायाशी गारठा यायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं स्वतःच्या हातानं मफ्याच्या गळ्यात तो पट्टा बांधला. खिळे कातडीला टेकले पाहिजेत, नाहीतर चालत नाही, असं ऋतुराजनं बजावलं होतं, म्हणून तिनं आवळून बांधला.

खोक्यात पांढऱ्या प्लास्टिकची झेंडुकलीही होती. तार कुठून गेलीय ते कुत्र्याला कळावं म्हणून ती कडेकडेनं खोचायची, आणि कुत्रा शिकला की काढून टाकायची. धाकूनं ती ओळीत नीट खोचली. तासाभरात दारात माणसं गोळा झाली. टिटवाळ्यात जमिनीवर झेंडे दिसले की लोकांना एकच गोष्ट सुचते.

"मोजणी झाली का हो?" शेजारची गोदा धापा टाकत आली. "रस्ता जातोय का इथून? आमचंही जाणार का?"

"कुत्र्याचं आहे ते," शेवंती म्हणाली.

"कुत्र्याची मोजणी?"

दुपारपर्यंत मागच्या गल्लीतले लोक येऊन गेले. एकानं वकिलाला फोन लावलेला. एका म्हाताऱ्यानं, सरकारी माणूस कुठाय तो दाखवा, म्हणून अंगणातच बसकण मारली. शेवंती सांगून सांगून मेटाकुटीला आली. शेवटी तिनं सगळी झेंडुकली उपटली, बादलीत टाकली, आणि रांगोळीचा डबा काढला. सकाळी सडा घालून रांगोळी काढायचा तिचा नेम चाळीतही कधी चुकला नव्हता. तिनं तार गेली होती त्या वाटेनं अंगणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रांगोळीची जाड रेघ ओढली.

"ही बघ रे मफ्या, ही तुझी हद्द," ती म्हणाली. ते सोपं होतं, स्वच्छ होतं, आणि कुणी मोजणीचं नाव काढत नव्हतं.

धाकू रोज मफ्याला दोरीनं रेघेपर्यंत न्यायचा. पट्टा पीप वाजला की मागे ओढायचा आणि चपातीचा तुकडा द्यायचा. दोनतीनदा मफ्या ऐकला नाही आणि झटका खाऊन असा केकाटला, की शेवंती स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली. पण मग तो शिकला. रेघ दिसली की थांबायचा. रस्त्यानं मोटरसायकल गेली तर रेघेच्या आत या टोकापासून त्या टोकापर्यंत पळायचा आणि शेपटी हलवत परत यायचा. त्र्यंबक चेअरमन पाहुण्यांना घेऊन बघायला यायला लागला. ऋतुराजनं व्हिडिओ मागवून घेतला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. आत्या, मामा, सगळ्यांनी अंगठे दाखवले. रोज सकाळी कंबर वाकवून अख्खी हद्द रांगोळीनं भरणारी बाई त्या व्हिडिओत कुठंच नव्हती. धाकूला तर रांगोळीचं पोतंच आणायला कल्याणच्या बाजारात जावं लागलं, आणि दुकानदारानं त्याला देवळाचं काम काढलंय का म्हणून विचारलं.

एकच गोष्ट घराबाहेर कुणाच्या लक्षात आली नव्हती. पूर्वी संध्याकाळी शेवंती भाजी आणायला निघाली की मफ्या दोरी तोंडात धरून तिच्या आधी दारात उभा असायचा. आता दोरी लावली, पट्टा काढला, चुचकारलं, ओढलं, तरी तो रेघेपाशी आला की चारी पाय रोवायचा आणि पोट जमिनीला लावायचा.

"त्याला गाडीत बसवून रेघेबाहेर न्यायचं," ऋतुराजनं फोनवर तोडगा काढला. "मग त्याला कन्फ्यूजन नाही होत."

"शी करायला कुत्र्याला गाडीतून नेऊ? आणि गाडी कुठाय आमच्याकडे?"

"रिक्षा?"

शेवंतीनं फोन ठेवला. काही दिवस तिनं मुलाचा फोनच घेतला नाही.

दिवाळीला ऋतुराज आणि अक्षदा आले. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी अक्षदा हौसेनं दारात रांगोळी काढायला बसली. पायऱ्यांपासून तुळशीपर्यंत भरगच्च, पांढऱ्या रेघांच्या जाळीत रंग भरलेली. गल्लीतही दारोदारी तेच चाललेलं. मफ्या अंगणात कढीपत्त्याच्या झाडाखाली बसून बघत होता. बसून म्हणजे अंग चोरून. शेवंती करंज्यांचं ताट घेऊन ओट्यावर आली, तर पुढे हद्दीची रेघ, मागे सुनेची रांगोळी, आणि मधे तो. तिला कसंतरीच वाटलं. "अगं अक्षदा," ती म्हणायला गेली, तेवढ्यात समोर कुणीतरी सुतळी बॉम्ब लावला.

मफ्या उडाला तो सरळ रस्त्याच्या बाजूला. पट्टा पीप वाजला, झटका बसला, तो हवेतच ओरडला आणि तसाच रेघ ओलांडून पलीकडच्या मोकळ्या प्लॉटमध्ये गवतात दिसेनासा झाला. इतक्या दिवसांची ती तार, ती डबी, ती टेक्नॉलॉजी, एका फटाक्यापुढे काही नव्हती.

सगळे हाका मारत सुटले. पण मफ्या कुठं लांब गेलाच नव्हता. थोड्या वेळानं तो आपणहून परत आला. त्याला घरीच यायचं होतं. रस्ता ओलांडून, शेपटी पायात घालून तो रेघेपर्यंत आला आणि घराकडे बघून कुईकुई करायला लागला.

"कम, मफिन! कम!" ऋतुराज आतून टाळ्या वाजवायला लागला.

धन्याचं ऐकून मफ्यानं एक पाय उचलला. पीप वाजलं. झटका बसला. तो ओरडत मागे गेला.

"अरे, ती डबी बंद कर आधी!" शेवंती कडाडली. "बाहेर जायला झटका, घरी यायलाही झटका! कुणी केलंय हे कुंपण?"

अक्षदानं धावत जाऊन डबी बंद केली. ऋतुराज बाहेर गेला आणि त्यानं मफ्याला उचलायचा प्रयत्न केला. तो मफ्या, ज्यानं कधी कुणावर दात काढले नव्हते, तो ऋतुराजवर गुरगुरला. ऋतुराजचा हात तिथंच थांबला.

शेवंतीनं खराटा घेतला. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, दिवे लागायच्या वेळी, तिनं हद्दीची रेघ झाडून टाकली. वर बादलीभर पाणी ओतलं. मफ्यानं वास घेतला, ओल्या मातीवर एक पाऊल टाकलं, मान वर केली, आणि त्याला दारातली रांगोळी दिसली. तो पुन्हा मागे सरकला. इकडे तिकडे पाहू लागला, तर प्रत्येक दारात रांगोळी. त्याच्या हिशेबानं सगळी गल्लीच तारेची झालेली. फक्त मधला रस्ता तेवढा मोकळा होता, आणि त्याच रस्त्यावर त्यानं येऊ नये म्हणून हे सगळं केलेलं.

"मी पुसते, आई," अक्षदा रडवेली होऊन म्हणाली.

"तुझी पुसशील. सगळ्या गावाच्या पुसणार आहेस?"

शेवंती खराटा टाकून रस्त्यावर गेली आणि नव्या साडीनिशी त्याच्याशेजारी मांडी घालून बसली. मफ्या थरथरत होता. तिनं पट्टा सोडवला, तर तो सहज निघेना. मानेवरचे केस बाजूला केले, तेव्हा तिला दिसलं. खिळे जिथं टेकत होते तिथं दोन जागी केस गेले होते, कातडी लाल होऊन चिघळली होती. तिची बोटं ओली झाली.

अक्षदा वाकून बघत होती. "आई, हा रात्री काढून ठेवायचा असतो. जागाही बदलायची असते. त्या कंपनीच्या व्हिडिओत होतं ना सगळं." ती नवऱ्याकडे वळली. "तू सांगितलं नाहीस?"

"सांगायचं राहिलं," ऋतुराज म्हणाला.

रोज सकाळी रांगोळी झाली की शेवंतीच तो पट्टा सारखा करायची, सैल वाटला तर एक भोक आवळून. आणि तो मान पुढे करून गप्प उभा राहायचा, कारण पट्टा बांधणारा हात तिचा होता. तिला इतका संताप आला, की कुणावर काढावा तेच कळेना. मुलावर, नवऱ्यावर, त्या खोक्यावर, की आपल्या दोन हातांवर.

तेवढ्यात त्र्यंबक चेअरमन आला. कडक इस्त्रीचा झब्बा, हातात फराळाचं ताट. ते घेऊन तो रस्त्याच्या मधोमध बसलेल्या शेवंतीपुढे उभा राहिला.

"वहिनी, सणाचा दिवस आहे, मला बोलायला बरं वाटत नाही. पण कुत्रा रस्त्यावर आहे. ऋतुराजनं सगळ्यांसमोर शब्द दिलेला."

"ऋतुराजनं दिलेला ना? मग ऋतुराजला घेऊन जा मुरबाडला."

"अहो, कुत्रा त्याचा आहे, म्हणून त्यानं..."

"त्याचा नाही," शेवंती म्हणाली. तिचा आवाज एवढा चढला, की समोरच्या दारातल्या फुलबाज्या तिथंच थांबल्या. "हा माझा कुत्रा आहे. ह्याचं खाणं मी करते, हगणंमुतणं मी काढते. ह्याला ताप आला तेव्हा मी जागलेय. मी कुणाला शब्द दिलेला नाही, चेअरमनसाहेब. मी फोन धरला होता नुसता. पुढच्या मीटिंगला तो दुसऱ्या कुणाला तरी धरायला सांगा. मी बोलायला येणारेय."

त्र्यंबकानं धाकूकडे पाहिलं. धाकू आतून प्लास्टिकची खुर्ची घेऊन येत होता. त्यानं ती बायकोशेजारी रस्त्यावर मांडली आणि तिच्यावर बसला.

"मीटिंगमध्ये बघू मग," त्र्यंबक पुटपुटला. ताट कुणाकडे द्यावं ते त्याला कळेना. शेवटी ते अक्षदाच्या हातात देऊन तो निघून गेला.

ऋतुराज आईसमोर उकिडवा बसला. त्याचा चेहरा लहान मुलासारखा उतरला होता. "पण आई, तूच म्हणायचीस ना. रोज. जीव खाल्लाय माझा या कुत्र्यानं."

"तुझ्याबद्दलही हेच म्हणायचे मी. चाळीतल्या कुणालाही विचार. सकाळ-संध्याकाळ म्हणायचे. तुला दिलं का कुणाच्या फार्मवर सोडून?"

ऋतुराज उठला. मग त्यानं नव्या झब्ब्याच्या बाह्या वर सारल्या, पडवीतली कुदळ आणली आणि एका टोकानं तार उकरायला लागला. ओली माती त्याच्या पांढऱ्या सुरवारीवर उडत होती. अक्षदा आत गेली, ती खोबरेल आणि हळद घेऊन आली. पूजेची वेळ केव्हाच टळून गेली होती, पण कुणी तसं म्हणालं नाही.

मफ्या घरात यायला तयार झाला नाही. उद्या येईल, नाहीतर परवा, तोवर काय करायचं ते शेवंतीलाही ठाऊक नव्हतं. त्यानं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि हळूहळू सगळा भार टाकला. तिच्या पायाला मुंग्या आल्या, मग पाय बधिरच झाला.

"मेल्या, केवढा जड झालायस रे," ती म्हणाली, आणि पाय तसाच राहू दिला.